कागदाच्या जागी चिठ्ठी

"मामा, ओढू नका. कडी गंजलीय, तुटेल," भाची म्हणाली आणि तिने पर्समधून दात कोरायचं एक वाकडं हत्यार काढून पेटीच्या कडीत घातलं. माझी भाची दातांची डॉक्टर आहे. दोनदा टिकटिक आवाज झाला आणि माझ्या आईची पत्र्याची पेटी आमच्या जेवायच्या टेबलावर उघडली.

"निघाली मुळासकट!" ती हसत म्हणाली. मीही हसलो. मग मात्र खुर्ची ओढून बसलो.

पेटी आजवर ताईकडे होती. आई शेवटची काही वर्षं ताईकडे राहिली, म्हणून पेटीही तिथेच राहिली. गेल्या वर्षी ताई गेली. घर आवरताना तिच्या मुलीला, म्हणजे ह्या डॉक्टरीणबाईला, पेटी दिसली आणि तिच्या डोक्यात किडा वळवळला. घराण्याचा इतिहास लिहायचा! कोण कधी जन्मलं, कोण कुठे राहिलं, कोण कधी गेलं, सगळ्याचं झाड काढायचं. कागदांच्या प्रती काढून पुस्तिका करायची आणि ती झाडून सगळ्या चुलत-मावस भावंडांना वाटायची. त्यासाठी चार दिवस दवाखाना बंद ठेवून ती आमच्याकडे आली होती.

"एकोणचाळीस वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळलेला मामा घरात असताना मी बाहेर कशाला विचारू?" ती म्हणाली.

"तर काय!" आमची ही शिवणयंत्रावरून म्हणाली. "घरातला चहाचा डबा सापडत नाही, पण पन्नास वर्षांपूर्वीचा कागद डोळे मिटून काढतील."

आता ह्यावर मी नाही कसं म्हणणार?

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. लोक पालीला भितात, विजेला भितात. मी एका कागदाला भितो. वीतभर असेल नसेल. तोवर तो मी पाहिलाही नव्हता. पण तो ह्या पेटीत आहे हे मला ठाऊक होतं, आणि ताई गेल्यावर ते ठाऊक असलेला मी एकटाच उरलो होतो. त्या कागदावर माझं नाव आहे आणि मी मेलो असं लिहिलं आहे.

नीट सांगतो. माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता. त्याचं नाव ठेवलं, जन्माची नोंद केली, दाखला आणला. दीड वर्षाचा असताना तो तापाने गेला. त्यानंतर वर्षाने मी झालो. आईने असा धसका घेतला होता की विचारू नका. "ज्याचं नाव लिहिलं तो गेला. ह्याचं कुठ्ठे लिहायचं नाही," असं ती म्हणायची. वडिलांनी नोंदणीचा विषय काढला की मला उचलून आतल्या खोलीत जायची आणि कडी लावून घ्यायची. शेवटी माझी नोंद झाली नाही आणि नावही ठेवलं नाही. मी नुसता बारक्या. पुढे शाळेत घालायची वेळ आली तेव्हा हेडमास्तर म्हणाले, दाखला आणा. घरात दाखला एकच होता. वडिलांनी तोच नेऊन दिला. झालं! त्या दिवसापासून मी माझा मेलेला भाऊ झालो. कागदावर सात वर्षांचा, अंगाने साडेचार.

ते नाव मी इथे लिहीत नाही. ते त्याचं आहे.

हे मला वडिलांनी सांगितलं ते मी नोकरीवर रुजू होण्याच्या आदल्या संध्याकाळी. "त्याच्या मृत्यूचा कागद तुझ्या आईला जाळायला लावला मी. आता घोर नाही. फक्त तोंड उघडू नकोस," एवढं म्हणून ते चपला घालून बाहेर निघून गेले. मी भ्यायला लागलो ते तेव्हापासून. आणि नशिबाची चेष्टा बघा, नोकरी लागली कुठे? जिथे साऱ्या भागातली जन्ममृत्यूची जुनी रजिस्टरं ठेवतात त्या रेकॉर्ड रूममध्ये! उंदराने मांजराच्या घरी चाकरी धरावी तसं झालं.

त्या सालचं मृत्यूचं रजिस्टर सातव्या मांडणीत खालून दुसऱ्या फळीवर होतं. एकोणचाळीस वर्षांत मी ते एकदाही उघडलं नाही. वरची धूळ मात्र न चुकता पुसली. कोणी ते साल मागितलं की शिपायाला न पाठवता मी स्वतः आणायचो आणि ते मिटेपर्यंत टेबलाशी उभा राहायचो. एकदा एक म्हातारे गृहस्थ आपल्या पणजोबांचा माग काढत आले. भिंग धरून ओळ अन् ओळ वाचत होते. एका पानावर त्यांचं बोट थांबलं. "अरेरे, दीड वर्षाचं पोर हो!" असं ते पुटपुटले. दीड वर्षाची पोरं त्या काळी पुष्कळ जायची, कोण जाणे ते कोणाचं होतं. पण ते पान उलटेपर्यंत मी टेबलाची कड सोडली नाही. "तुम्ही बसा पाहू आधी," ते म्हणाले, "चेहरा पांढराफटक पडलाय तुमचा." ते पान फाडून टाकावं असं मनात यायचं का? यायचं की! पण हात धजला नाही. कागद फाडणारा हात नव्हताच माझा.

मग आईचं आजारपण. ती जायच्या आठवड्यात मी ताईकडे तिच्या उशाशी बसलो होतो. तिने मला खाली वाकायला लावलं आणि कानात म्हणाली, "बारक्या, मी नाही हो जाळला तो कागद. पेटीत आहे."

"आई, काय केलंस हे!"

"अरे, तेवढं एकच तर आहे त्याचं. दाखला तू घेतलास. नाव तू घेतलंस. एवढंसं राहू दे की त्याला."

ह्याला अकरा वर्षं झाली. पेटी मागायची तर ताईशी तोंड उघडून बोलावं लागलं असतं. तिला सगळं ठाऊक होतं. ती तेव्हा शाळेत जाणारी मुलगी होती. पण आम्ही बहीणभाऊ त्या विषयावर जन्मात एक शब्द बोललो नाही. आणि आमच्या हिला तर ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. लग्नाच्या कागदावर हिने ज्याच्या नावाशेजारी सही केली तो माणूस कधीच मातीत गेला होता, हे हिला कोणत्या तोंडाने सांगायचं? आज सांगू, उद्या सांगू करता करता सदतीस वर्षं गेली.

तर पहिल्या दिवशी मी काय केलं असेल? खरं तर पेटी उलटी करून तळ गाठायला हवा होता. पण भाचीने वही उघडली, "सांगा मामा, कसं करायचं?" असं विचारलं आणि माझ्या अंगात रेकॉर्ड रूम संचारली. थुंकी लावून पान उलटायचं नाही. टाचणी दिसली की काढायची. क्रमांक घालायचा तो पेन्सिलीने, उजव्या कोपऱ्यात. शाई लावायची नाही, कारण चुकलं तर खोडता आलं पाहिजे. कागद ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने, वरून खाली. मधलाच गठ्ठा उपसायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गठ्ठ्यातून एखादा कागद काढला तर त्याच्या जागी चिठ्ठी ठेवायची. कोणता कागद, कोणी काढला, कधी काढला, खाली सही. कागद परत आला की चिठ्ठी फाडायची.

"म्हणजे दात काढला की तिथे तात्पुरता दात," भाची म्हणाली.

मी तर उत्साहाच्या भरात कोरे कागद कापून, वर शिवून चिठ्ठ्यांचं पॅडसुद्धा करून दिलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, की 'वरून खाली' हा नियम आपणच घातलाय. आता तळाचा गठ्ठा तिच्याआधी कसा गाठायचा? आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझी शाळेची कागदपत्रं वर आली. भाड्याच्या पावत्या आणि पत्रं यांच्या खाली एका पाकिटात माझ्या पहिलीच्या वर्गाचा फोटो होता. भाचीने तो उजेडात धरला. मग डोळ्यांना कामाचं भिंग लावलं.

"मामा, हे तुम्ही ना? पुढच्या ओळीत, हसताय ते?"

"असेन."

"तेव्हा वय काय तुमचं?" तिने शेजारचा शाळेचा कागद पाहिला. "हं, सात पूर्ण. गंमतच आहे. बाकीच्या सगळ्यांचे पुढचे दात पडलेत बघा. ह्याला फट, ह्याला फट, हिला तर दोन. आणि तुमची दुधाची बत्तिशी अख्खी शाबूत!"

"दुधाची बत्तिशी नसते, वीसच असतात. तूच सांगितलं होतंस," आमची ही म्हणाली.

"तेच गं मामी. पण सात वर्षांच्या मुलाचे वीसच्या वीस? उंचीही नाही. हा तर मला पाचाच्या आतलाच वाटतो."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. पोरगी सहज बोलत होती आणि मला वाटलं, आता ही उठून माझा जबडाच उघडणार. "आमच्या घराण्यात सगळंच उशिरा," मी म्हटलं. "हाडं उशिरा वाढतात."

"अक्कलही," ही म्हणाली, आणि दोघी खळखळून हसल्या. फोटोवर भाचीने पेन्सिलीने एकोणतीस आकडा घातला आणि बाजूला एक छोटं प्रश्नचिन्ह काढलं. ते प्रश्नचिन्ह मला संध्याकाळभर दिसत राहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी भाचीला फोन आला. कोणा पेशंटचा गाल सुजला होता. "तासाभरात येते," म्हणून ती गेली. आमची ही पडदे पोचवायला समोरच्या इमारतीत गेली. घरात मी आणि पेटी.

आता सांगायला लाज वाटते, पण मी दाराला आतून कडी लावली. माझ्याच घराच्या! मग पेटीतले गठ्ठे एकेक करून बाहेर काढले, उलटे टेबलावर रचले म्हणजे क्रम मोडणार नाही. सगळ्यात खाली ताईची प्रगतिपुस्तकं सुतळीने बांधलेली. दुसरीचं प्रगतिपुस्तक, तिसरीचं प्रगतिपुस्तक. त्या दोन्हींच्या मधे चार घड्या घातलेला एक पिवळा कागद होता. आईने अगदी सालाप्रमाणे लावला होता. ताई दुसरीतून तिसरीत गेली त्या साली तो गेला.

मी घडी उलगडली. नाव. वय दीड वर्ष. कारण ताप. तारीख. खबर देणाऱ्याची सही म्हणून वडिलांची सही. माझ्या वडिलांचं अक्षर मोत्यासारखं होतं, पण ही सही ओळखू येत नव्हती. शेवटचं अक्षर ओळीखाली घसरत गेलं होतं. मला एकदम रडू आलं. साठ वर्षांचा घोडा मी, आणि भाऊ गेला म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा रडलो.

मग भीतीने पुन्हा मान धरली. मी स्वयंपाकघरात गेलो, गॅस पेटवला. कागद ज्योतीपाशी नेला. अंगठ्याला चटका बसला तरी कागद पुढे सरकेना. कचेरीत एक चिटोरं नष्ट करायचं तरी यादी लागायची, दोघांच्या सह्या लागायच्या. इथे यादी नाही, सही नाही. आणि कानात आई. एवढंसं राहू दे की त्याला.

तेवढ्यात घंटी वाजली. मी गॅस बंद केला, कागद शर्टाच्या खिशात कोंबला, धावत येऊन गठ्ठे होते तसे पेटीत रचले आणि दार उघडलं.

"कडी का लावली होती?" हिने विचारलं.

"मांजर," मी म्हटलं.

"आपल्याकडे मांजर कुठाय?"

"म्हणूनच."

ही कपाळाला हात लावून आत गेली. संध्याकाळी शर्ट धुवायला मागितला, मी दिला नाही. ही खिसे तपासल्याशिवाय कपडे भिजवत नाही. रात्री झोपताना मागितला, नाही दिला. चौथ्या दिवशी सकाळी तोच चुरगळलेला शर्ट अंगात, आणि हात सारखा खिशावर.

"अहो, छातीत दुखतंय का?" हिने चहाचा कप खाली ठेवत विचारलं.

"छे!"

"मग हात का तिथे? आणि घाम किती आलाय! अगं, बघ गं तुझ्या मामाकडे."

भाचीने माझं मनगट धरलं. "मामा, ठोके फार पडतायत. डावा हात जड वाटतो? जबडा दुखतो?"

"तुला जबड्याशिवाय काही सुचतं का?" मी चिडून म्हटलं. "काही झालेलं नाही मला. काम कर तू."

"एवढे शेवटचे दोन गठ्ठे बघते आणि आपण हृदयाच्या डॉक्टरकडे जातोय. नाही म्हणायचं नाही," असं म्हणून तिने सुतळीचा गठ्ठा पुढे ओढला. ताईचा. मला वाटलं, येऊ दे. आता त्यात काय आहे? नुसती प्रगतिपुस्तकं. आई, तुझा कागद माझ्या खिशात आहे, संध्याकाळी शांतपणे विचार करू. मी जरा सैल झालो आणि बिस्किटाला हात घालणार तोच माझी नजर चिठ्ठ्यांच्या पॅडवर गेली.

वरची चिठ्ठी फाडलेली होती. खालच्या कोऱ्या पानावर माझ्या अक्षराचा ठसा उमटला होता.

काल घंटी वाजली, मी धावत आलो, गठ्ठे रचले. आणि मधे? मधे हाताने काय केलं होतं? मला आठवेना, आणि न आठवताच कळलं. एकोणचाळीस वर्षांत कागद काढला आणि चिठ्ठी ठेवली नाही असं माझ्या हातून एकदाही झालं नव्हतं. जित्याची खोड! चोरी करतानासुद्धा मी पावती ठेवून आलो होतो.

"थांब!" मी ओरडलो. "तो गठ्ठा नको. त्याला... त्याला वाळवी लागलीय."

"कुठाय वाळवी? छान आहे की. आईचं बघा, गणितात पहिली," भाची म्हणाली. तिने दुसरीचं प्रगतिपुस्तक उलटून ठेवलं. आणि थांबली. "अय्या मामा, ही तर तुमची चिठ्ठी."

मी हात पुढे केला, पण तिने चिठ्ठी आधीच उजेडात धरली होती.

तिने वाचलं, मोठ्याने, एकेक शब्द सावकाश. "मृत्यूची नोंद. एक पान. काढणाऱ्याची सही. कालची तारीख." तिने चष्मा वर केला. "कोणाच्या मृत्यूची नोंद, मामा?"

शिवणयंत्र थांबलं. खोटं काय बोलावं ते शोधत होतो. पण हाताने आधीच सगळं लिहून ठेवलं होतं, अगदी सुवाच्य अक्षरात.

मी खिशातून कागद काढला आणि टेबलावर ठेवला. "माझ्या," मी म्हटलं.

मग सगळं सांगितलं. आईची कडी, हेडमास्तर, सातवी मांडणी. सांगताना मी हिच्याकडे बघितलं नाही, पेटीच्या गंजलेल्या कडीकडे बघत बोललो. मधेच भाचीने पाणी दिलं. माझ्या डोक्यात एकच चक्र, आता ही उठेल, बॅग भरेल, म्हणेल की मी कोणाबरोबर संसार केला?

"अहो," ही म्हणाली.

मी खालीच बघत होतो.

"अहो, मग तुमचं खरं वय काय?"

"कागदापेक्षा अडीच वर्षांनी कमी."

ही बोटं मोजायला लागली. एकदा मोजली, पुन्हा मोजली. "मी कागदावर तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. म्हणजे खरं तर सहा महिन्यांनी मोठी?" तिचा आवाज चढला. "सदतीस वर्षं मी मोठी असून तुम्ही मला 'तुला काय कळतंय, तू लहान आहेस' म्हणत आलात?"

भाचीला हसू फुटलं आणि तिने तोंड दाबलं. मग ही उठून माझ्यामागे आली, कालपासूनचा तो चुरगळलेला शर्ट खांद्यापाशी नीट करत राहिली. उगाचच, कारण तिथे काहीच वाकडं नव्हतं. "एकट्याने कशाला हो वाहिलंत एवढं?" ती म्हणाली. "सांगायचं तरी. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

"भीती वाटली," मी म्हटलं.

"आणि पेन्शनच्या कचेरीत कळलं तर?" मी भाचीला विचारलं. "पुस्तिका वाटशील, कोणीतरी वाचेल..."

"काय होईल ते मला ठाऊक नाही मामा. उगाच खोटा धीर कशाला देऊ? वकिलाला विचारू. तोवर हे ह्या टेबलावरून बाहेर जाणार नाही. पुस्तिकेत काय छापायचं ते तुम्ही ठरवायचं." मग तिने तो पिवळा कागद दोन्ही हातांनी उचलला, घडीवर फाटू नये म्हणून खालून तळवा देऊन. "आई ह्याच्याबद्दल कधीच बोलली नाही," ती म्हणाली. "मला आणखी एक मामा होता."

तिने झाडाचा मोठा तक्ता पसरला. त्यात ताईच्या चौकटीशेजारी माझी चौकट होती, पेन्सिलीने भरलेली. तिने खोडरबर घेतलं आणि माझी चौकट पुसली. नाव गेलं, जन्मतारीख गेली. मग दोघांच्या मधे तिने एक नवी चौकट आखली आणि ते नाव तिथे लिहिलं. खाली दोन तारखा, जन्माची आणि मृत्यूची. मधे दीड वर्षाचं अंतर. ती चौकट तिने चांगली ऐसपैस काढली होती.

माझी चौकट रिकामी राहिली.

"तुमची तारीख, मामा?"

"नाही माहीत. कोणी लिहिलीच नाही. आई फक्त म्हणायची, तो गेला त्याला बरोबर वर्ष झालं त्या आठवड्यात तू आलास."

भाचीने झटकन पिवळ्या कागदावरची तारीख बघितली. त्यात एक वर्ष मिळवलं. "म्हणजे ह्याच तारखेचा आठवडा," ती म्हणाली. "मामा, अहो तुमचा वाढदिवस ह्याच कागदात आहे. जाळला असता तर तोही गेला असता."

माझा चटका बसलेला अंगठा हुळहुळला. मी तो मुठीत लपवला.

भाचीने पिवळा कागद पारदर्शक पाकिटात घालून दुसरी-तिसरीच्या मधे, आईने ठेवला होता तिथेच, परत ठेवला. चिठ्ठी तेवढी तिच्या हातात राहिली. "कागद परत आला. आता ही फाडायची ना? नियमाप्रमाणे?"

"फाडायची," मी म्हटलं. मग काय वाटलं कोण जाणे, मी हात पुढे केला. "दे इकडे." चिठ्ठीवर खाली माझी सही होती. सराईत वळणाची, हजारो वेळा केलेली, त्याच्या नावाची. शाळेत गेल्यापासून मी त्याच्या जागी ठेवलेला होतो आणि सहीसुद्धा त्याचीच करत आलो होतो. मी त्या सहीवर एक सरळ रेघ मारली. चिठ्ठी परत भाचीकडे दिली. फाडली नाही.

ती समजली. तिने चिठ्ठी दुसऱ्या पाकिटात सरकवली. "तुमचा पहिला कागद," ती म्हणाली. मग तक्त्यावर वाकली. "चौकटीत काय लिहू मामा? नाव?"

"बारक्या," मी म्हटलं. हे नाव मी कोणाला लिहायला सांगतोय, असं जन्मात पहिल्यांदाच होत होतं. आई मला उचलून आतल्या खोलीकडे निघाली आहे असं वाटलं. कडीचा आवाज आला. भीती गेली, असं मी म्हणणार नाही. ज्याचं नाव लिहिलं तो गेला. माझी छाती धडधडत होती, आणि ह्या वेळी खिशात काहीच नव्हतं.

भाचीने चार दिवसांत पहिल्यांदा पेन्सिल बाजूला ठेवली आणि शाईचं पेन उचललं.

"अगं, शाई नको," मी म्हटलं. "पुढेमागे खोडावं लागलं तर?"

तिने हिच्याकडे बघितलं. ही माझ्यामागेच उभी होती, हात माझ्या खांद्यावर.

"लिही गं," ही म्हणाली. "चांगलं दाबून लिही."